ऑब्सिडियनमध्ये मराठी टिपणवही: काय जमतं, कुठे अडतं

टिपणं कशी ठेवावीत याचा पुण्यातला सर्वांत मोठा नमुना डेक्कन कॉलेजात आहे. तिथल्या संस्कृत कोशाचं काम १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं. सुमारे १,५०० ग्रंथांतून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या निघाल्या. एका चिठ्ठीवर एकच शब्द, त्याचा एकच प्रयोग आणि तो कुठल्या ग्रंथात कुठे आला याचा संदर्भ. ज्याने चिठ्ठी लिहिली तो माणूस समोर नसतानाही ती वाचता येते, आणि कपाट बदललं म्हणून ती निकामी होत नाही.

ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप याच कसोटीवर तपासायला हवं. चिठ्ठी आपल्या ताब्यात राहते का? राहते, आणि या बाबतीत त्याच्या तोडीची ॲप्स मोजकीच आहेत. ती मराठीत सहज लिहिता येते का? थोडी तयारी केली तर येते. आणि हवी तेव्हा सापडते का? इथे मात्र मराठीची विभक्ती आणि युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, खोडी आडव्या येतात. त्यावरचे उपाय ॲपच्या मदतपानांवर मिळत नाहीत, म्हणून या परीक्षणाचा बराचसा भाग त्यांनाच दिला आहे.

पैसे आणि परवाना

ॲप विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोनवर मोफत मिळतं. खातं उघडावं लागत नाही, टिपणांच्या संख्येवर मर्यादा नाही. पूर्वी कंपनीच्या कामासाठी वेगळा परवाना घ्यावा लागे. फेब्रुवारी २०२५ पासून तो ऐच्छिक झाला, त्यामुळे हिंजवडी-खराडीच्या ऑफिसातही पैसे न भरता वापरता येतं. मात्र ॲपचा सोर्स कोड खुला नाही. ज्या कंपनीत बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला आयटी विभागाची परवानगी लागते, तिथे आधी विचारून घ्यावं.

पैसे लागतात ते दोन गोष्टींना. एक म्हणजे स्वतःची टिपणं वेबसाइट म्हणून छापणं, ज्याची बहुतेकांना गरज नसते. दुसरी म्हणजे 'सिंक', म्हणजे लॅपटॉप आणि फोन यांची टिपणं आपोआप जुळती ठेवणं. वर्षाचे एकदम भरले तर सिंकच्या लहान योजनेला महिना ४ डॉलर पडतात. म्हणजे वर्षाला ४८ डॉलर, रुपयांत चार हजारांच्या आसपास किंवा थोडे वर. त्याबद्दल पुढे सविस्तर.

टिपण म्हणजे नेमकं काय

ऑब्सिडियनमध्ये 'व्हॉल्ट' म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरचा एक साधा फोल्डर. त्यातलं प्रत्येक टिपण ही मार्कडाउनची, म्हणजे साध्या मजकुराची, एक फाइल. ती नोटपॅडमध्येही उघडते. ठळक अक्षरांसाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या, शीर्षकासाठी ओळीच्या सुरुवातीला #, दुसऱ्या टिपणाचा दुवा द्यायला दुहेरी चौकटी कंस: [[खडकवासला धरण]]. एवढीच लिपी शिकायची. सगळ्या सेटिंग्ज त्याच फोल्डरात, टिंबाने सुरू होणाऱ्या एका लपलेल्या उपफोल्डरात बसतात. व्हॉल्ट दुसरीकडे नेताना फाइल मॅनेजर लपलेले फोल्डर दाखवत नसेल, तर हा उपफोल्डर मागे राहतो. टिपणं पोचतात, पण मांडणी, शॉर्टकट आणि प्लगइन (ॲपला वरून जोडलेल्या जादा सोयी) सगळं कोऱ्या अवस्थेत दिसतं.

फाइली आपल्याकडेच असल्याने इंटरनेट लागत नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज आणि त्यामागोमाग वायफाय गेलं, किंवा नारायण पेठेतल्या तळघरातल्या अभ्यासिकेत रेंज नसली, तरी शोधासकट सगळं चालतं.

जागेचीही चिंता नको. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. ३०० शब्दांचं टिपण साधारण साडेपाच केबी भरतं, म्हणजे दहा हजार टिपणं ५५ एमबीत मावतात. जागा खातात ते फोटो आणि पीडीएफ.

पहिल्या दिवशीची मांडणी

व्हॉल्ट कुठे बनवता याला महत्त्व आहे. विंडोज ११ मध्ये 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' हे फोल्डर बऱ्याचदा आपल्या नकळत वनड्राइव्हला जोडलेले असतात. तिथे व्हॉल्ट ठेवून वर ऑब्सिडियनचं सिंकही चालू केलं, तर एकाच फाइलवर दोन सेवा ओढाताण करतात. नकला तयार होतात आणि कधी जुनी प्रत नव्या प्रतीवर बसते. डी ड्राइव्हवर किंवा थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी वेगळा फोल्डर करावा. त्यामुळे फाइलचा पत्ताही आखूड राहतो. विंडोजवर पूर्ण पत्त्याची पारंपरिक मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि फोल्डरात फोल्डर करत गेलं की ती वाटतं त्याहून लवकर गाठली जाते.

आत पाच फोल्डर पुरेत: आवक, टिपणं, स्रोत, जोडपत्रं, साचे. 'आवक' म्हणजे सरकारी कचेरीतल्या आवक रजिस्टरसारखं. घाईत लिहिलेलं सगळं आधी तिथे पडतं आणि तिथून पुढे जातं. 'स्रोत'मध्ये पुस्तक, लेख, बातमी किंवा व्याख्यान यांचं एकेक टिपण. 'जोडपत्रं'मध्ये फोटो आणि पीडीएफ. विषयवार फोल्डर करण्याचा मोह टाळावा. मुठा नदीवरचं टिपण इतिहासात ठेवायचं, पाणीपुरवठ्यात की भूगोलात, या प्रश्नाला उत्तर नाही. फोल्डर एकच जागा देतो, दुवे हवे तेवढे देता येतात.

मग सेटिंग्जमध्ये 'फाइल्स अँड लिंक्स' उघडून चार गोष्टी बदलाव्यात. नव्या टिपणाची जागा 'आवक' करावी. जोडपत्रांची जागा 'जोडपत्रं' करावी, नाहीतर फोनमधून टाकलेला प्रत्येक फोटो व्हॉल्टच्या मुळाशी येऊन पडतो. दुवे आपोआप दुरुस्त होण्याचा पर्याय चालू करावा. आणि खोडलेल्या फाइली कायमच्या न पुसता व्हॉल्टमधल्या कचरा-फोल्डरात जातील असं ठेवावं.

दुव्यांच्या दुरुस्तीला एक अट आहे: टिपणाचं नाव ऑब्सिडियनच्या आतूनच बदलायचं. ॲप बंद असताना फाइल एक्सप्लोररमधून नाव बदललं, तर त्याकडे येणारे सगळे दुवे तुटतात आणि ॲपला त्याचा पत्ताही लागत नाही.

कीबोर्ड: इनस्क्रिप्टवाल्यांची अडचण

मराठी टायपिंग इनस्क्रिप्टवर, म्हणजे सरकारी प्रमाण कीबोर्डवर, शिकलेल्यांना पहिल्याच मिनिटाला ठेच लागते. डाव्या चौकटी कंसाच्या कळीवर इनस्क्रिप्टमध्ये ड आहे, उजव्यावर नुक्ता. शिफ्ट-३ दाबलं की # न येता रकार येतो. शिफ्ट-८ वर फुलीऐवजी श्र येतो. दुव्यात लागणारी उभी दांडी जिथे असते तिथे ऑ बसला आहे. म्हणजे मार्कडाउनला लागणारी जवळपास प्रत्येक खूण मराठी कीबोर्डवरून गायब आहे.

यातून तीन वाटा निघतात. पहिली, खूण टाकण्यापुरतं विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर जायचं आणि परत यायचं. दिवसातून दहा दुवे देणाऱ्याला हे चालतं, शंभर देणाऱ्याला नाही. दुसरी वाट उजव्या क्लिकची. मजकूर निवडून उजवी क्लिक केली की मेनूत दुवा जोडणं, ठळक करणं आणि शीर्षकाची पातळी ठरवणं हे सगळं मिळतं, एकही खूण टाइप करावी लागत नाही. तिसरी म्हणजे ध्वन्यात्मक मराठी कीबोर्ड, ज्यात कंस आणि इतर चिन्हं आपापल्या जागी राहतात. वीस वर्षं इनस्क्रिप्टवर बोटं बसलेल्या माणसाने यासाठी कीबोर्ड बदलू नये. त्याच्यासाठी उजवी क्लिकच बरी.

फोनवर ही अडचण येत नाही. कीबोर्डच्या वर ऑब्सिडियनची स्वतःची पट्टी असते. तिच्यावर दुहेरी कंसाचं, शीर्षकाचं आणि यादीचं बटण आहे. पट्टीतला क्रम सेटिंग्जमधून बदलता येतो. दुव्याचं बटण सगळ्यात डावीकडे आणावं.

अक्षरांबद्दल थोडं. ॲपच्या मूळ मांडणीत ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट आहे. ते रोमन लिपीला पुरतं, पण वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असलेल्या देवनागरीला दाटी होते. सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेची, एक ओळ लिहून हे अंतर १.७ किंवा १.८ केलं की वाचन एकदम सुखाचं होतं. सेटिंग्जमधल्या 'अपिअरन्स'मध्ये मजकुराचा फॉन्टही बदलावा. 'मुक्त' नावाचा फॉन्ट चांगला आहे. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील, तर तिरो देवनागरी मराठी घ्यावा.

शोध: इथे खरी परीक्षा

ऑब्सिडियनचा शोध अक्षरशः जुळवतो. जे लिहिलं तेच शोधतो, मग ते शब्दाच्या मध्ये का असेना. इंग्रजीला हे जवळपास पुरतं. मराठीत नाम प्रत्यय लागताना आपलं रूप बदलतं, म्हणून पुरत नाही. 'वाडा' शोधलात तर 'वाड्यात' सापडणार नाही. 'पुणे' शोधलात तर 'पुण्याला' सुटून जातं.

सोपा नियम असा: शब्दाचा शेवटचा स्वर तोडून शोधायचं. 'वाडा'ऐवजी 'वाड', 'पुणे'ऐवजी 'पुण', 'रस्ता'ऐवजी 'रस्त', 'नदी'ऐवजी 'नद'. प्रत्यय लागल्यावरची रूपं याच तुकड्यावर उभी असल्याने सगळी हाती लागतात. 'नद'सारख्या आखूड तुकड्याने 'आनंद' येत नाही, कारण मध्ये अनुस्वार आहे. पण 'सनद' येते. दोन-चार फालतू निकाल सहन करायचे.

काही शब्द आतूनच बदलतात. पाऊस–पावसात, देऊळ–देवळात. तिथे दोन्ही रूपं एकदम शोधावी लागतात. शोधपेटीत तिरप्या रेघांमध्ये, उभी दांडी घालून लिहायचं: /पाऊस|पावस/ किंवा /देऊळ|देवळ/. ही दांडी म्हणजे 'किंवा'.

टिपण उघडण्यासाठी मात्र शोधपेटीकडे जाऊ नये. कंट्रोल आणि ओ दाबलं की नावांची झटपट यादी येते. ती अक्षरांचा क्रम पाहते, मधली अक्षरं गाळलेली चालतात. 'पनशत' असं काना-मात्रेविना लिहिलं तरी 'पानशेत' वर येतं.

यापेक्षा चिवट दुखणं म्हणजे दिसायला सारखे पण आतून वेगळे शब्द. 'ॲप'मधला ॲ तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक खास मराठीसाठी असलेला ॲ, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला. दुसरा हिंदी कीबोर्डवरचा ऍ. तिसरा अ वर अर्धचंद्र देऊन केलेला अॅ. कॉम्प्युटरच्या लेखी हे तीन वेगवेगळे शब्द आहेत. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा ऱसुद्धा दोन प्रकारे येतो: ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन मागे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. लॅपटॉपवर एका कीबोर्डने आणि फोनवर दुसऱ्याने लिहिणाऱ्याच्या व्हॉल्टमध्ये दोन्ही प्रकार हमखास सापडतात. मग 'दुसऱ्या महायुद्धात' शोधलं की अर्धीच टिपणं येतात, आणि उरलेली अर्धी राहिली आहेत हे कळतही नाही.

लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडे 'ॲ' आणि 'ऱ्या' एकेकदा टाइप करून एकाच टिपणात ठेवावेत आणि एकाने दुसरं सापडतं का ते पाहावं. सापडत नसेल, तर एक कीबोर्ड बदलावा. आधीच साचलेली सरमिसळ निस्तरायला साध्या फाइली उपयोगी पडतात. ऑब्सिडियनमध्ये एका टिपणापुरती शोधून बदलण्याची सोय आहे, सगळ्या व्हॉल्टसाठी नाही. तोच फोल्डर व्हीएस कोड या मजकूर-संपादकात उघडावा आणि सगळ्या फाइलींत एकदम बदल करावा. आधी फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवायची, हे सांगायला नको.

अंकांचंही तसंच. '२०२५' शोधून इंग्रजी अंकांतलं वर्ष मिळत नाही. रोजनिशीच्या फाइलींची नावं ॲप इंग्रजी अंकांतच बनवतं, म्हणून तारखा सगळीकडे इंग्रजी अंकांत लिहिण्याची सवय सोयीची ठरते. मजकुरातल्या बाकी आकड्यांना हे बंधन नाही.

पुण्यात आणखी एक प्रकार वारंवार भेटतो. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातल्या डीटीपीवाल्यांकडून किंवा जुन्या प्रकाशकांकडून आलेल्या फाइली श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. श्री-लिपी तर पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. असा मजकूर ऑब्सिडियनमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फॉन्ट बदलून तो सुधारत नाही, कारण आत मराठी अक्षरं नसतातच. आधी परिवर्तकातून युनिकोड करून घ्यावं आणि मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावं. जोडाक्षरं आणि रफार इथे सर्वांत जास्त बिघडतात.

पीडीएफच्या आतला मजकूर ॲपचा मूळ शोध पाहत नाही. स्कॅन केलेल्या पानाचं महत्त्वाचं वाक्य हाताने, किंवा गुगल लेन्सने उचलून, टिपणात लिहिलं तरच ते सापडेल.

दुवे आणि सामान्यरूप

मराठी वाक्यात दुवा देताना नाम क्वचितच मूळ रूपात येतं. 'शनिवारवाडा' नावाचं टिपण आहे, आणि वाक्य आहे 'शनिवारवाड्यात आग लागली'. कंसाच्या पुढे प्रत्यय चिकटवून काम होत नाही. उभ्या दांडीने दाखवायचं रूप वेगळं द्यावं लागतं: [[शनिवारवाडा|शनिवारवाड्यात]].

दरवेळी हे टाइप करण्यापेक्षा टिपणाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अलायसेस' नावाची यादी भरावी. तिथे शनिवारवाड्यात, शनिवारवाड्याचा, शनिवारवाड्याला अशी नेहमीची चार-पाच रूपं लिहिली की दुहेरी कंस टाइप करताच ती सूचनांत दिसू लागतात. निवडलं की दांडीसकट पूर्ण दुवा ॲप स्वतः लिहितं. पर्यायी नावांनाही हीच जागा: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या टिपणाला 'पुणे विद्यापीठ', लक्ष्मी रोडला 'लक्ष्मी रस्ता'. मराठीत लिहिणाऱ्याला ॲपमधल्या इतर कुठल्याही सोयीपेक्षा ही यादी जास्त उपयोगी आहे, असं ठामपणे सांगता येतं.

बॅकलिंक्स, म्हणजे या टिपणाकडे येणारे दुवे, खाली दाखवण्याचा पर्याय चालू केला की दुवे दिल्याचा फायदा टिपणाच्या तळाशी दिसतो. 'खडकवासला धरण' उघडलं की त्याचा उल्लेख करणारी सगळी टिपणं खाली येतात. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं ते टिपण, शहराच्या पाणीपुरवठ्याचं टिपण, मुठेच्या कालव्यांचं टिपण. त्यासाठी प्रत्येक टिपण एकाच गोष्टीबद्दल असायला हवं. पंधरा पानांचं 'पुण्याचा इतिहास' असं एक टिपण केलं, तर खाली एकच नाव येतं आणि आतलं पुन्हा सगळं वाचावं लागतं.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला यातली एक सोय फार कामाची आहे. दुव्याच्या आधी उद्गारचिन्ह दिलं की ते टिपण दुसऱ्या टिपणाच्या आत पूर्ण दिसतं. '७४वी घटनादुरुस्ती' हे एकच टिपण: १९९२ची दुरुस्ती, १ जून १९९३ पासून लागू, नगरपालिकांसाठी. ते ![[७४वी घटनादुरुस्ती]] असं लिहून 'राज्यघटना' आणि 'स्थानिक स्वराज्य' या दोन्ही उजळणी-पानांत आणायचं. चूक सापडली तर एकाच ठिकाणी दुरुस्त केली की दोन्हीकडे सुधारते.

नाव किती लांब ठेवायचं

नावात दोन बंधनं आहेत. तिरपी रेघ आणि विसर्गासारखी दोन टिंबं चालत नाहीत, म्हणून '12/7' अशी तारीख नावात टाकता येत नाही. प्रश्नचिन्ह विंडोज आणि अँड्रॉइडवर अडतं. #, उभी दांडी आणि चौकटी कंस यांनी दुवे मोडतात.

दुसरं बंधन लांबीचं, आणि ते मराठीलाच बोचतं. अँड्रॉइड आणि लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. शेवटच्या '.md' या खुणेचे ३ बाइट वजा जाता २५२ उरतात, म्हणजे देवनागरीची फक्त ८४ चिन्हं. इथे चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारं अक्षर नव्हे. 'ग्र' हे ग, हलन्त आणि र असं तीन धरलं जातं, 'ठी' दोन. 'पानशेतच्या पुरानंतर पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या वसाहती' या नावात ४८ चिन्हं आणि ४ मोकळ्या जागा आहेत, एकूण १४८ बाइट. म्हणजे पाच शब्दांतच निम्म्याहून जास्त जागा संपली. वर्तमानपत्री मथळा जसाच्या तसा नाव म्हणून ठेवला, तर विंडोजवर फाइल बनते, कारण तिथे मोजणी वेगळी आहे, पण फोनवर ती पोचतच नाही. लॅपटॉपवरचं टिपण फोनवर दिसत नसेल, तर आधी नावाची लांबी बघावी. वेब क्लिपरने, म्हणजे ब्राउझरमधलं पान टिपणात आणणाऱ्या साधनाने, जतन केलेल्या मराठी बातम्यांत हे सर्रास होतं. नाव सात-आठ शब्दांच्या आत आणि मूळ मथळा मजकुरात, ही सवय बरी.

प्रॉपर्टीज आणि तक्ते

टिपणाच्या डोक्यावर प्रॉपर्टीज भरता येतात: प्रकार, स्रोत, पान, दिनांक, स्थिती. नावं मराठीत चालतात. एका टिपणात 'दिनांक'चा प्रकार तारीख असा ठरवला की तो पूर्ण व्हॉल्टला लागू होतो. तारीख इंग्रजी अंकांत, वर्ष-महिना-दिवस अशीच हवी. देवनागरी अंकांतली तारीख ॲप साधा मजकूर समजतं, मग क्रम लागत नाही. हाताने लिहिताना प्रॉपर्टीत भरलेल्या मजकुरात दोन टिंबं आणि पुढे मोकळी जागा आली, तर सगळी पेटी लाल होते. अवतरणचिन्हांत घातलं की सुटतं.

२०२५ मध्ये आलेलं 'बेसेस' या प्रॉपर्टीजवरून तक्ते बनवतं. 'स्रोत' फोल्डरातल्या, 'स्थिती: वाचायचं आहे' असलेल्या सगळ्या टिपणांचा तक्ता दोन मिनिटांत तयार होतो, आणि तक्त्यात केलेला बदल थेट फाइलमध्ये जातो. याआधी डेटाव्ह्यू प्लगइन लावून प्रश्नभाषा शिकावी लागे. नव्याने सुरू करणाऱ्याने आता डेटाव्ह्यूच्या वाटेला जायचं कारण नाही.

प्रॉपर्टी पाचाच्या वर नेऊ नयेत. भरायला कंटाळा आला की रिकाम्या राहतात, आणि अर्धवट भरलेला तक्ता दिशाभूल करतो. 'स्रोत' आणि 'पान' मात्र कधीच रिकामे सोडायचे नाहीत.

फोन आणि सिंक

अँड्रॉइडवर व्हॉल्ट बनवताना ॲप विचारतं: ॲपची जागा की फोनची जागा. ॲपची जागा निवडली, तर ॲप काढून टाकल्याबरोबर टिपणंही जातात. फोनचीच जागा निवडावी.

ऑब्सिडियनची स्वतःची सिंक सेवा सर्वांत कमी कटकटीची आहे. मजकूर आपल्या पासवर्डने कुलूपबंद होऊन जातो. पासवर्ड विसरला तर सर्व्हरवरची प्रत कंपनीलाही उघडता येत नाही, पण उपकरणांवरच्या फाइली शाबूत राहतात. लहान योजनेत १ जीबी जागा, एकच व्हॉल्ट, महिनाभराचा इतिहास आणि प्रत्येक फाइलला ५ एमबीची मर्यादा. ही शेवटची अट लोकांच्या लक्षात येत नाही. फोनने काढलेला फळ्याचा फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ ५ एमबी सहज ओलांडते, आणि मग ती दुसऱ्या उपकरणावर येत नाही. फोटो लहान करून टाकावेत, नाहीतर मोठी योजना घ्यावी. तिच्यात फाइलची मर्यादा २०० एमबी आहे, पण पैसे दुप्पट.

पैसे भरायचे नसतील तर सिंकथिंग हे उपकरणांतले फोल्डर जुळते ठेवणारं वेगळं ॲप आहे. अँड्रॉइडवरचं त्याचं मूळ ॲप २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंद झालं, म्हणून 'सिंकथिंग-फोर्क' घ्यावं लागतं. फोनच्या बॅटरी-बचतीतून त्याला सूट दिली नाही, तर पार्श्वभूमीला गेल्यावर फोन त्याला बंद करतो आणि टिपणं दोन दिवस जुनी राहतात. दोन्हीकडे एकाच वेळी तेच टिपण बदललं, तर ते नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असलेली दुसरी प्रत ठेवतं. आठवड्यातून एकदा त्या नावाने शोधून प्रती मिटवाव्यात. आयफोन आणि मॅक असेल तर आयक्लाउड चालतं, मात्र फोल्डर कायम उतरवून ठेवण्याचा पर्याय लावावा. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्ह थेट चालत नाही, कारण ते फोनवर खरा फोल्डर ठेवत नाही.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

एका जागी चुकून पुसलेलं सिंक दुसऱ्या जागीही इमानाने पुसतं. ॲपमध्ये 'फाइल रिकव्हरी' आहे, ती दर ५ मिनिटांनी टिपणाची प्रत घेते आणि ७ दिवस ठेवते. पण ती त्याच उपकरणावर राहते आणि फोटो-पीडीएफ तिच्यात येत नाहीत. म्हणून आठवड्याला सगळ्या फोल्डरची झिप करून पेनड्राइव्हवर टाकावी. महिन्यातून एकदा ती झिप दुसऱ्या कॉम्प्युटरवर, जिथे ऑब्सिडियन नाही तिथे, उघडावी आणि दोन-चार फाइली नोटपॅडमध्ये वाचून पाहाव्यात.

प्लगइन आणि आलेख

हजारांहून जास्त प्लगइन आहेत. त्यांना आपल्या फाइलींवर पूर्ण अधिकार मिळतो, मध्ये कुंपण नाही. पहिला महिना एकही लावू नये. टिपणांचा तारांगणासारखा दिसणारा आलेख पाहायला सुंदर आहे, पण शंभर टिपणांनंतर त्यातून काही कळत नाही. एका टिपणाभोवतीचा छोटा आलेख कधीतरी कामाला येतो.

कुणी घेऊ नये

हाताने लिहिणाऱ्यांनी, आकृत्या काढणाऱ्यांनी वननोट घ्यावं. चौघांनी एकाच वेळी एकच पान लिहायचं असेल, तर नोशन किंवा गुगल डॉक्स. किराण्याची यादी आणि दुधाचा हिशेब यांना गुगल कीप पुरतं. एव्हरनोटच्या मोफत योजनेत आता ५० टिपणांची मर्यादा आहे, त्यामुळे जुने वापरकर्ते इकडे वळत आहेत. खुला सोर्स कोड ही अट असेल, तर जॉपलिन पाहावं. मार्कडाउन तिथेही आहे, पण टिपणं सुट्या फाइलींऐवजी एका डेटाबेसमध्ये राहतात.

ज्यांना मराठीत वाचून मराठीतच विचार मांडायचा आहे, संशोधन, परीक्षा, पत्रकारिता, अनुवाद यांपैकी काही वर्षानुवर्षं चालवायचं आहे, त्यांनी ऑब्सिडियन जरूर घ्यावं. सिंकचे पैसे मात्र लगेच वर्षाचे भरू नयेत. आधी ५० टिपणं फक्त लॅपटॉपवर करावीत, कीबोर्डची आणि नावांच्या लांबीची तपासणी उरकावी, मग ५ डॉलर देऊन एकच महिना घ्यावा. त्या महिन्यात लॅपटॉपवरची प्रत्येक फाइल फोनवर पोचते का हे दोन्हीकडची संख्या मोजून पाहावं. संख्या जुळली की वर्षाची योजना घ्यायला हरकत नाही.